आधी टाका, मग चीर
भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांचे जीवन

शिवणकाम शिकणाऱ्या मुलीला सर्वांत धास्ती कशाची वाटत असेल, तर ती काज करण्याची. सदरा बेतला, शिवला, बाह्या लावल्या, कॉलर बसवली, आणि मग अगदी शेवटी त्या चांगल्या कापडाला मुद्दाम भोक पाडायचे! शिवण चुकली तर उसवता येते. काजाची चीर चुकली तर ती परत मिटवता येत नाही.

म्हणून यंत्रावर काज करताना एक क्रम पाळावा लागतो. बटणाची रुंदी आणि त्याची जाडी मोजून कापडावर तेवढी रेघ मारतात. कापड मऊ असेल तर दोन पदरांमध्ये बक्रमची पट्टी घालतात, म्हणजे ते ताठ राहते. रेघेच्या एका बाजूने नागमोडी टाक्यांची अरुंद व दाट पट्टी शिवतात, टोकाला पाचसहा रुंद आडवे टाके घालतात, मग दुसऱ्या बाजूची पट्टी आणि पुन्हा आडवे टाके. दोन पट्ट्यांच्या मध्ये जेमतेम एका धाग्याएवढी जागा राहते. धाग्यांची टोके मागे ओढून गाठ मारतात. इतके सगळे झाल्यावरच त्या मधल्या जागेत चीर द्यायची. तीही देताना टोकाच्या आडव्या टाक्यांच्या अलीकडे एक टाचणी आडवी टोचून ठेवायची, म्हणजे हत्यार घसरले तरी तिथे अडते. मग मधून सुरुवात करून एकेका टोकाकडे हलक्या हाताने कापत जायचे.

ज्याने घाईने आधी चीर दिली आणि मग यंत्राखाली कापड घातले, त्याच्या काजातून धागे सुटतात, कड विसविशीत होते, आणि दोनचार धुण्यांत बटण त्यातून आपोआप निसटू लागते. हाताने काज करणारे कारागीर आधी चीर देतात हे खरे. परंतु तेसुद्धा रेघेभोवती धावदोरा घालून घेतात आणि चीर दिल्याबरोबर काजटाक्याने कड बांधून काढतात. उघडी कड तशीच ठेवणे कोणत्याच कारागिराला मान्य नाही.

हा नियम फार जुना आहे. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात महायाजकाच्या एफोदाच्या झग्याचे वर्णन आले आहे. डोके घालण्यासाठी त्या झग्याला मध्ये छेद ठेवायचा होता, आणि तो फाटू नये म्हणून त्याच्याभोवती विणलेली किनार करण्याची आज्ञा होती. छेदाला देवाची हरकत नव्हती. कड मात्र बांधलेली हवी होती.

ज्यांच्या जीवनाची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे, त्या भोपाळच्या शेवटच्या राज्यकर्त्या बेगम, नवाब सुलतान जहाँ. त्या ख्रिस्ती नव्हत्या; नेमधर्म कसोशीने पाळणाऱ्या मुसलमान होत्या. तरीही आपल्या रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी त्यांचे चरित्र जरूर अभ्यासावे असे वाटते. घट्ट विणलेल्या समाजात नवी वाट कशी उघडावी, हे त्यांच्या राज्यकारभारात दिसते. आणि कड न बांधता चीर पडली तर काय होते, हे त्यांच्याच घराच्या इतिहासात दिसते.

बेगमांचे राज्य

भोपाळचे नाव मराठी माणसाला अपरिचित नाही. १७३७ साली थोरल्या बाजीरावांनी निजामाला याच भोपाळजवळ कोंडीत पकडले होते. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी या शहराला दीर्घ काळ वेढा घातला, तो शहराने टिकून परतवला. १८१८ मध्ये संस्थानाचा इंग्रजांशी तह झाला. दुसऱ्याच वर्षी तरुण नवाब नजर मुहम्मद पिस्तुलाच्या अपघातात मरण पावले आणि त्यांच्या अवघ्या अठराएक वर्षांच्या विधवेने, कुदसिया बेगमने, कारभार हाती घेतला. येथून भोपाळच्या गादीवर एकामागून एक स्त्रिया आल्या. कुदसियांची मुलगी सिकंदर बेगम, सिकंदरांची मुलगी शाहजहाँ बेगम, आणि शाहजहाँची मुलगी सुलतान जहाँ. शंभर वर्षांहून अधिक काळ संस्थानाचा कारभार मुख्यतः स्त्रियांच्या हाती राहिला. या दरबारात बोर्बन नावाचे एक ख्रिस्ती घराणेही पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या हुद्द्यांवर होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे.

सुलतान जहाँ यांचा जन्म ९ जुलै १८५८ चा. हे वर्ष स्त्रियांच्या कैवाऱ्यांचेच म्हणावे लागेल! त्याच वर्षी एप्रिलमध्ये, अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने, धोंडो केशव कर्वे आणि पंडिता रमाबाई जन्मले. एकाने हिंगण्याला, दुसरीने केडगावला आणि तिसरीने भोपाळला, प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे विधवांचा आणि मुलींचा प्रश्न हाती घेतला.

आजीची नात

सुलतान जहाँ यांचे बालपण आई शाहजहाँपेक्षा आजी सिकंदर बेगम यांच्याच छायेत गेले. सिकंदर बेगम कर्तबगार आणि कडक होत्या. पडदा न पाळता त्या घोड्यावरून संस्थानभर फिरत, स्वतः हिशेब तपासत. नातीच्या शिक्षणाला त्यांनी वेळापत्रक आखून दिले होते. कुराणाचे पठण, फारसी, इंग्रजी, हस्ताक्षर आणि घोडदौड यांना ठरलेल्या वेळा होत्या. पुढे राज्यकर्ती झाल्यावर सुलतान जहाँ यांची जी शिस्त सर्वांच्या डोळ्यांत भरे, ती आजीकडून आलेली होती.

परंतु १८६७ साली वडील बाकी मुहम्मद खान वारले आणि १८६८ मध्ये आजीही गेली. दहा वर्षांच्या मुलीचे दोन आधार पाठोपाठ तुटले. आई गादीवर आली. १८७१ मध्ये तिने सिद्दीक हसन खान या विद्वान मौलवींशी दुसरा विवाह केला. १८७४ मध्ये सुलतान जहाँ यांचा विवाह जलालाबादच्या अहमद अली खान यांच्याशी झाला.

न बांधलेली चीर

यानंतर मायलेकींमध्ये जे घडले ते दुःखद आहे. सावत्र वडिलांविषयी सुलतान जहाँ यांच्या मनात अढी होती. आईला ती सहन होत नव्हती. राजवाड्यात कानाशी लागणारे लोक कधीच कमी नसतात. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे होत गेले. मुलीचे मन आईपासून फुटले आणि आईचे मुलीपासून. दोघी एकाच शहरात राहत होत्या, परंतु पाव शतकभर हे वैर मिटले नाही.

सुलतान जहाँ यांची थोरली मुलगी बिल्किस जहाँ आजीची फार लाडकी. शाहजहाँ बेगमने तिला आपल्याजवळ वाढवले होते. हीच नात दोन घरांमधला पूल होऊ शकली असती. पण बाराव्या-तेराव्या वर्षी बिल्किस आजारी पडून वारली. एका मुलीच्या शोकाने आई आणि आजी जवळ याव्यात असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. पुढे १८९० मध्ये सिद्दीक हसन खानही निवर्तले. भांडणाचे म्हणून जे कारण होते तेही नाहीसे झाले, पण भांडण राहिलेच. १८९४ च्या सुमारास धाकटी मुलगी आसिफ जहाँ हीसुद्धा वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास गेली. तीन मुलगे राहिले. दोन्ही मुली हरपल्या.

१६ जून १९०१ रोजी शाहजहाँ बेगम तोंडाच्या कर्करोगाने मरण पावल्या. त्यापूर्वी समेट झाला नाही. जुलै १९०१ मध्ये सुलतान जहाँ त्रेचाळिसाव्या वर्षी गादीवर बसल्या, त्या आईच्या आशीर्वादाशिवाय बसल्या.

येथे दोष कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. हा इतिहास आपल्यापर्यंत मोठ्या प्रमाणात मुलीच्याच लेखणीतून आला आहे. आईची बाजू तितक्या तपशिलाने कोणी लिहिली नाही. आपण इतकेच ध्यानात घ्यावे की, चीर पडली त्या दिवशी ती लहान होती. कोणी कड बांधली नाही, म्हणून एकेक धागा सुटत गेला. आपल्या मंडळ्यांतही असे होते. एखाद्या सभेत कोणाचा शब्द कोणाला लागतो, दोन घरे वेगवेगळ्या बाकांवर बसू लागतात, आणि वीस वर्षांनी मूळ कारण कोणालाच आठवत नाही.

संकटातला राज्यारोहण

राज्य हाती आले ते मोडकळीस आलेले. १८९९-१९०० चा दुष्काळ नुकताच सरला होता. संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास होती. १९०१ च्या शिरगणतीत ती पावणेसात लाखांच्याही खाली आली होती. गावेच्या गावे ओस, शेते पडीक. त्यातच गादीवर बसून सहा महिने झाले नाहीत तोच, जानेवारी १९०२ मध्ये, पती अहमद अली खान अकस्मात वारले.

नवी बेगम विधवा होती, दोन मुलींना पारखी झालेली आई होती, आणि आईशी न बोलता तिला मूठमाती द्यावी लागलेली लेक होती. अशा बाईने अंतःपुराचे दार लावून घेतले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र संस्थानाचा दौरा काढला. बुरख्यातच, पण गावोगाव जाऊन त्यांनी महसुलाचे तंटे ऐकले, शेतकऱ्यांची स्थिती पाहिली, दप्तरे तपासली. १९०३-०४ मध्ये त्यांनी हजयात्रा केली आणि परतल्यावर पुन्हा कामाला लागल्या.

मुलींची शाळा

स्त्रीशिक्षणाचे काम त्यांनी हाती घेतले तेव्हा शहराचे मन त्याला अनुकूल नव्हते. मोठ्या घरांतील मुली उंबरठा ओलांडत नसत. त्यांना शाळेत पाठवणे म्हणजे घराण्याची अब्रू रस्त्यावर आणणे, अशी समजूत होती. राज्यकर्तीने हुकूम काढला असता तर काही मुली आल्याही असत्या; पण हुकुमाच्या धाकाने आलेली मुलगी धाक ओसरल्यावर घरी बसते.

बेगमांनी आधी कड बांधली. १९०३ मध्ये सुलतानिया मुलींची शाळा निघाली, तिथे पूर्ण पडद्याची व्यवस्था केली. शिकवायला स्त्रिया होत्या. मुलींना ने-आण करण्यासाठी पडदा लावलेली वाहने होती. अभ्यासक्रमात कुराण आणि उर्दू यांना पहिला मान दिला, म्हणजे धर्मनिष्ठ पालकांना बोट ठेवायला जागा उरू नये. त्याच्या जोडीने गणित, इंग्रजी, आरोग्य, स्वयंपाक आणि शिवणकाम आले. ज्या पालकाला इतर विषयांची शंका, तोसुद्धा मुलीने सुई-दोरा शिकावा याला हरकत घेत नसे. अशा रीतीने सुईच्या मागोमाग पुस्तक घरात शिरले. हिंदू मुलींसाठीही त्यांनी स्वतंत्र कन्याशाळा काढवली.

सनातनी टीकाकारांना उत्तर देण्याची त्यांची रीतही हीच होती. त्या धर्माबाहेरचे दाखले देत नसत. त्यांच्याच धर्मग्रंथांतून, त्यांच्याच इतिहासातील विद्वान स्त्रियांची उदाहरणे देऊन बोलत. ज्या कापडाला छेद द्यावयाचा त्याच कापडाच्या धाग्यांशी मिळेल असा दोरा त्या वापरत असत.

हुन्नरशाळा

शाळेत मुली येऊ लागल्या, पण विधवांचे काय? भोपाळच्या गल्ल्यांत अशा कितीतरी स्त्रिया होत्या की ज्यांचा कमावता माणूस दुष्काळात किंवा साथीत गेला होता. कुलीनपणामुळे भीक मागता येत नाही, पडद्यामुळे मजुरीला जाता येत नाही. त्यांच्यासाठी बेगमांनी हुन्नरशाळा काढली. ती आसिफिया नावाने ओळखली जात असे. हे नाव वाचताना अकाली गेलेल्या आसिफ जहाँची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. गरीब व विधवा स्त्रियांनी तेथे शिवण, भरतकाम आणि इतर हस्तकला शिकाव्यात, केलेला माल विकला जावा आणि त्यांनी स्वतःच्या कष्टाची भाकरी खावी, असा हेतू होता.

हा मार्ग सोपा नव्हता. सुरुवातीला स्त्रिया येईनात. हाताने काम करून पैसा घेणे यातच कुलीन घरांना कमीपणा वाटे. म्हणून राज्यकर्तीने स्वतः हस्तकलेला मान दिला. १९०९ मध्ये भोपाळात स्त्रियांसाठी प्रिन्सेस ऑफ वेल्स लेडीज क्लब सुरू झाला. तेथे मोठ्या घरांतील स्त्रिया पडद्याच्या आत एकत्र येत, आरोग्यावरची व प्रथमोपचाराची व्याख्याने ऐकत, शिवणकाम आणि भरतकाम करीत. १९१४ मध्ये स्त्रियांच्या कलाकुसरीचे अखिल भारतीय प्रदर्शन भोपाळात भरले. सरदारांच्या स्त्रियांनी सुई हाती धरलेली दिसली, तेव्हा गरीब विधवेच्या हातातील सुईची लाज थोडी कमी झाली असेल.

हा काळही असा होता की शिवणयंत्र हिंदुस्थानात घरोघर पोचू लागले होते. अमेरिकेत एलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये दुहेरी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. टोकाजवळ नेढे असलेली सुई वरचा दोरा खाली नेते आणि खालचा धोटा त्याच्या फासातून दुसरा दोरा ओवतो, ही त्यातील मुख्य युक्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनीची यंत्रे इकडच्या बाजारात आली आणि शिंपी तसेच घरबसल्या शिवणाऱ्या बाया यांना ती ओळखीची झाली. सरळ शिवण यंत्राने पटापट होऊ लागली. काज मात्र दीर्घ काळ हातानेच होत राहिले. शिंप्याच्या दुकानातून सदऱ्यांचे गठ्ठे काज-बटणासाठी घरोघरी जात, आणि ते काम बहुधा बायकाच करीत. पुढे काजाचीही यंत्रे आली. आजही मोठ्या शहरांत काज-बटणाची वेगळी दुकाने असतात, आणि घरी शिवणाऱ्या पुष्कळ बाया कपडे पूर्ण करून फक्त काजासाठी तेथे नेतात.

आपल्या पवित्र शास्त्रात यापो येथील टबीथाची गोष्ट आहे. ती मरण पावली तेव्हा गावच्या विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेली वस्त्रे दाखवू लागल्या. तिच्या साक्षीसाठी त्यांच्यापाशी शब्द नव्हते, शिवलेली वस्त्रे होती. टबीथाने विधवांसाठी वस्त्रे केली. बेगमांनी एक पाऊल पुढे टाकून विधवांनाच वस्त्रे करायला शिकवले. दोन्ही गोष्टींची गरज असते. थंडीने कुडकुडणारीला आज वस्त्र हवे, आणि उद्या तिला स्वतः शिवता आले पाहिजे.

टीका आणि मर्यादा

बेगमांचे काम शाळांपुरते राहिले नाही. त्यांनी सुइणींच्या प्रशिक्षणाला उत्तेजन दिले, स्त्रियांच्या आरोग्यावर आणि गृहव्यवस्थेवर उर्दूत पुस्तके लिहिली, आपले आत्मचरित्र लिहिले. अलीगढ येथे शेख अब्दुल्ला यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळेला मदत केली आणि १९१४ मध्ये तेथील वसतिगृहाचे उद्घाटन केले. १९२० साली अलीगढचे मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्या त्याच्या पहिल्या कुलपती झाल्या आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिल्या.

परंतु त्यांचे सगळेच विचार आजच्या वाचकाला पटतील असे नाही. १९११ मध्ये त्या बादशहांच्या राज्याभिषेकासाठी युरोपला गेल्या, पण पडद्यातच. १९२२ मध्ये त्यांनी पडद्याच्या समर्थनार्थ एक सबंध पुस्तक लिहिले. इंग्रज सत्तेशी त्या अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिल्या आणि राज्यकारभारात त्यांचाच शब्द अखेरचा असे. ज्या मुलींना त्यांनी शिकवले त्यांपैकी काहींना वाटू लागले असेल की, ही बाई नुसती शिवण घालत बसली आहे, चीर देणार कधी? हा प्रश्न रास्त होता. कड बांधून ठेवली आणि काज कधी उघडलेच नाही, तर ते काज नव्हे. ती कापडावरची नुसती नक्षी झाली. सावधपणाच्या नावाखाली आयुष्यभर काहीच न उघडणारी माणसे सर्व समाजांत असतात, आणि मंडळीतही असतात.

अखेरची वर्षे

१९२४ हे वर्ष त्यांच्यावर वज्रासारखे कोसळले. थोरले दोन्ही मुलगे, नसरुल्ला खान आणि उबैदुल्ला खान, एकाच वर्षात गेले. पाच अपत्यांपैकी एकटे हमीदुल्ला खान उरले. आता गादी कोणाची? थोरल्या मुलाचा मुलगा की हयात असलेला धाकटा मुलगा? घरात पुन्हा तट पडले. बेगम हमीदुल्लांच्या बाजूने ठाम होत्या. पासष्टी उलटलेली ही स्त्री १९२५ मध्ये आपली बाजू मांडण्यासाठी लंडनला गेली आणि दावा जिंकून आली. मग १९२६ मध्ये त्यांनी आपल्या हाताने राज्य मुलाच्या स्वाधीन केले. जिथे मरेपर्यंत गादी सोडण्याची रीत नाही, तिथे हा निर्णय साधा नव्हता. आपल्या आईच्या मृत्यूपर्यंत चाललेल्या संशयाची आणि वैराची वर्षे त्या विसरल्या नसाव्यात. या खेपेस तरी निदान आई आणि मुलगा यांच्यामधली कड त्यांनी हयातीतच बांधून घेतली. नातवाच्या बाजूच्या लोकांचे मन मात्र दुखावले गेले, हेही नमूद केले पाहिजे.

राज्य सोडल्यावर त्यांनी एक मोठी चीर दिली. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. १९२८ साली दिल्लीत दुसरे अधिवेशन झाले, त्याच्या अध्यक्षस्थानी सुलतान जहाँ बेगम होत्या. मुलींचे शिक्षण आणि बालविवाह हे प्रश्न त्या परिषदेपुढे होते. जन्मभर पडद्याचा कैवार घेतलेल्या या वृद्धेने याच अखेरच्या वर्षांत, सत्तरीच्या उंबरठ्यावर, चारचौघांत आपला बुरखा बाजूला सारला.

याचा अर्थ त्यांनी धर्म सोडला असा कोणी लावू शकले नाही. पन्नास वर्षांच्या नेमधर्माचे टाके त्या चिरेच्या दोन्ही बाजूंना घट्ट होते. तीच गोष्ट त्यांनी १९०१ मध्ये केली असती, तर पहिल्याच वर्षी शहर बिथरले असते आणि मुलींची शाळा उघडण्याआधीच बंद पडली असती. १९२८ मध्ये त्यांच्या मागे पंचवीस वर्षांच्या शिकलेल्या मुली होत्या.

१२ मे १९३० रोजी सुलतान जहाँ बेगम निवर्तल्या. त्यांच्या नंतर भोपाळला बेगम राज्यकर्ती लाभली नाही. १९४९ मध्ये संस्थान भारताच्या प्रत्यक्ष कारभाराखाली आले.

सुई राहिली

राज्य गेले तरी या शहरातील स्त्रीच्या हातातील सुई गेली नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो घरांतील कर्ता माणूस गेला किंवा कायमचा दुबळा झाला. त्यानंतर सरकारने वायुपीडित स्त्रियांसाठी शिवणकेंद्रे उघडली. पुष्कळ बायका पहिल्यांदाच घराबाहेर पडून यंत्रापुढे बसल्या. १९८६ च्या अखेरीस ती केंद्रे बंद झाली, तेव्हा त्या मुकाट्याने घरी गेल्या नाहीत. त्या एकत्र आल्या, आणि त्यांतून भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन उभे राहिले. त्या स्त्रियांनी आधी काम मागितले, मग औषधोपचार आणि भरपाई मागितली, आणि वर्षानुवर्षे रस्त्यावर व न्यायालयात आपली बाजू लढवली. ज्या शहरात ऐंशी वर्षांपूर्वी विधवांना हुन्नरशाळेत आणण्यासाठी मिनतवारी करावी लागत होती, त्याच शहरात आता विधवा शिवणकेंद्र बंद करू नका म्हणून लढत होत्या.

शिक्षकांसाठी

रविवारच्या शाळेत हा धडा घ्यावयाचा असेल तर जुन्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्यावेत. एका तुकड्याला नुसती कात्रीने चीर द्यावी. दुसऱ्यावर घरातील शिवणाऱ्या बाईकडून नीट काज करून घ्यावे, पण ते उघडू नये. वर्गात पहिला तुकडा मुलांच्या हाती देऊन चिरेत बोट घालून ओढायला सांगावे. धागे निघू लागतील. मग दुसऱ्या तुकड्याचे काज मुलांसमोर, टोकाला टाचणी लावून, हलक्या हाताने उघडावे आणि तोही ओढायला द्यावा. तो धरून राहील. मग विचारावे की, घरात, शाळेत, मित्रांत आपण कोणती गोष्ट बदलू इच्छितो, आणि ती बदलण्याआधी कोणती कड बांधायला हवी? कोणाची क्षमा मागायची राहिली आहे? कोणाशी बोलणे टाकले आहे?

मोठ्या मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा. सगळे टाके घालून झाले असूनही आपण कोणते काज भीतीने उघडलेले नाही?

धडा संपल्यावर दोन्ही तुकडे मुलांना घरी नेऊ द्यावेत. पहिल्या तुकड्याची चीरही अजून वाया गेलेली नाही. कोणी धीर धरून सुई-दोरा घेतला आणि काजटाक्याने कड बांधली, तर तीसुद्धा टिकते. तिला वेळ अधिक लागतो, आणि ती हातानेच करावी लागते.